कधीमधी लागणारा एअर हॅमर: पार्ल्यातील एका गॅरेजचे प्रकरण

विलेपार्ले पूर्वेला एका जुन्या तीन मजली इमारतीच्या मागे पत्र्याचे छप्पर असलेले गॅरेज आहे आणि त्यात १९८६ सालची एक प्रीमियर पद्मिनी गेली नऊ वर्षे विटांच्या थप्प्यांवर उभी आहे. ती गाडी माझ्या भावोजींची. बँकेतून निवृत्त झाल्यावर त्यांनी ती स्वतःच्या हातांनी दुरुस्त करायला घेतली, कारण कुर्ल्याच्या कारखान्यात तयार झालेल्या या गाडीवर हात बसलेले मिस्त्री आता शोधून काढावे लागतात. काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सीही २०२३ च्या ऑक्टोबरअखेर रस्त्यावरून गेल्या. भावोजींना या कामासाठी आठवड्यातून एक शनिवार मिळतो, तोही पाऊस, लग्नकार्ये आणि नातवंडे सांभाळून. गेल्या वर्षी त्यांनी फोन करून मला विचारले, "एअर हॅमर घ्यायचा आहे, कोणता घेऊ?" मी कारखान्याच्या देखभाल विभागात आयुष्य काढले असल्यामुळे उत्तर माझ्याजवळ तयार असेल, अशी त्यांची समजूत होती. प्रत्यक्षात त्या उत्तराला दोन महिने लागले, आणि त्यातील बराचसा काळ हॅमरपेक्षा हॅमरच्या मागे असलेल्या गोष्टींवर गेला.

ज्यांनी हे अवजार हाताळलेले नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. पिस्तुलाच्या आकाराच्या या अवजाराच्या नळकांड्यात एक पोलादी दट्ट्या असतो. खटका दाबला की दाबाखालील हवा झडपेतून कधी दट्ट्याच्या मागे, तर कधी पुढे सोडली जाते आणि तो मिनिटाला काही हजार वेळा पुढे-मागे धावून छिन्नीच्या दांड्यावर आदळतो. छिन्नी तोंडाशी बसवलेल्या जाड, निमुळत्या स्प्रिंगने धरून ठेवलेली असते. बाजारात यालाच कोणी एअर चिझल म्हणतात, कोणी चिपिंग हॅमर.

गरज नेमकी कोणती होती

भावोजींनी कागदावर सात कामे लिहून आणली होती: मागच्या पाट्यांचे (म्हणजे मागच्या चाकांच्या पट्टीदार स्प्रिंगांचे) गंजलेले बुश, म्हणजे टोकांतील रबरी कडी, काढणे, शॅकलच्या (पाट्याचे टोक गाडीला जोडणाऱ्या दुव्याच्या) अडकलेल्या पिना बाहेर ठोकणे, सायलेन्सरचे कुजलेले क्लॅम्प व पाइप कापणे, तळाचा सडलेला पत्रा स्पॉट वेल्डपासून (पत्र्याचे थर ठिपक्या-ठिपक्यांनी जोडणाऱ्या वेल्डपासून) सोडवणे, काही रिव्हेटची डोकी उडवणे, जाम झालेले नटबोल्ट सैल करणे आणि, शेवटी, वरच्या घरातील न्हाणीघराच्या लाद्या काढणे.

लाद्यांचे काम मी तिथल्या तिथे खोडले. हा हलका हॅमर पत्रा आणि पोलाद यांच्यासाठी आहे. लाद्या व सिमेंट यांना विजेवर चालणारे रोटरी हॅमर मशीन हवे, आणि ते दोन दिवसांसाठी भाड्याने सहज मिळते. बुशांच्या बाबतीतही मला शंका होती. रबराचा बुश पूर्ण आट्यांचा बोल्ट, दोन जाड वायसर आणि योग्य मापाचा पाइपचा तुकडा यांच्या साह्याने खेचून काढला तर बाजूचे पोलाद दुखावत नाही. हॅमरची गरज पडते ती बुशाचे बाहेरचे कडे गंजाने एकजीव झाले तर, म्हणजे ते आतून चिरून काढायला. नटबोल्टांविषयी एक गैरसमज दूर करावा लागला. एअर हॅमर नट फिरवत नाही. बोथट तोंडाचा तुकडा लावून बोल्टच्या डोक्यावर काही सेकंद ठोके दिले तर गंजाचा थर तडकतो आणि आधी सोडलेले तेल आत झिरपते, पण त्यानंतर पाना लावावाच लागतो. पिना, सायलेन्सर, रिव्हेट आणि पत्रा ही चार कामे मात्र खरोखर याच अवजाराची होती. ग्राइंडरने ती झाली असती, परंतु पेट्रोलच्या गाडीखाली आडवे पडून ठिणग्यांचा पाऊस पाडणे मला मान्य नव्हते. छिन्नीने ठिणगी उडतच नाही असे नाही, म्हणून बॅटरी आणि पेट्रोलची टाकी काढून ठेवण्याची अट तरीही राहिली.

चार कामे, आणि ती झाल्यावर वर्षातून चार-दोनदा येणारे किरकोळ काम. निवड एवढ्याच मापाने करायची होती.

आधी हवा मोजली

भावोजींकडे रंगकामासाठी घेतलेला दोन अश्वशक्तीचा, ५० लिटर टाकीचा, घरगुती विजेवर चालणारा कंप्रेसर आधीपासून होता. त्याच्या पाटीवर मिनिटाला २०६ लिटर असा आकडा छापलेला होता आणि भावोजींचा सारा हिशोब त्या आकड्यावर उभा होता. हा आकडा कंप्रेसरच्या दट्ट्याने व्यापलेल्या जागेचा असतो. टाकीत प्रत्यक्ष पोचणारी हवा त्याहून बरीच कमी असते. ती किती, हे घरच्या घरी काढता येते. टाकीतील दाब ६ बारवरून ८ बारवर (एक बार म्हणजे साधारण बाहेरच्या हवेइतका दाब) जायला किती सेकंद लागतात ते आम्ही घड्याळ लावून मोजले: ५० सेकंद. ५० लिटरच्या टाकीत दोन बार दाब वाढणे म्हणजे बाहेरच्या दाबाची सुमारे १०० लिटर हवा आत जाणे, आणि १०० लिटरला ५० सेकंद लागतात म्हणजे मिनिटाला १२० लिटर. बाजाराच्या भाषेत हे सव्वाचार सीएफएम (मिनिटाला घनफूट) होतात, कारण एक सीएफएम म्हणजे मिनिटाला सुमारे २८.३ लिटर.

हॅमरच्या खोक्यांवर बहुधा ‘हवा ४ सीएफएम’ असे छापलेले असते आणि ते वाचून कोणालाही वाटेल की सव्वाचार मिळतात तर भागले. येथेच अनेकांची फसगत होते. तो आकडा सरासरीचा असतो. मिनिटातील जेमतेम पाव वेळ खटका दाबलेला असेल असे त्यात बऱ्याचदा गृहीत धरलेले असते. खटका सलग दाबून ठेवला तर तेच अवजार मिनिटाला तीन-चारशे लिटर हवा खाऊ शकते. मी ओळखीच्या एका गॅरेजवाल्याकडून त्याचा हॅमर दोन दिवसांसाठी आणला आणि कंप्रेसर बंद ठेवून, छिन्नी जुन्या लोखंडी पट्टीवर दाबून धरून, टाकी ८ बारवरून ६ बारवर यायला किती वेळ लागतो ते पाहिले. वीस सेकंद लागले. म्हणजे खप मिनिटाला ३०० लिटर, आणि कंप्रेसर भरणार १२०. चालू कंप्रेसरसह मिनिटाला १८० लिटरची तूट, म्हणून भरलेल्या टाकीवर अर्ध्या मिनिटाहून किंचित जास्त सलग काम, त्यानंतर पाऊण मिनिटाहून अधिक थांबणे. शिवाय या जातीचा कंप्रेसर अखंड चालवायचा नसतो, त्यालाही थंड व्हायला वेळ द्यावा लागतो. या सगळ्यातून निघालेला व्यवहारी आकडा असा की तासाभराच्या कामात खटका जास्तीत जास्त पंधरा मिनिटे दाबला जाईल.

मोठा कंप्रेसर घ्यावा का, हा प्रश्न अर्थातच आला. गॅरेजमध्ये जागा नव्हती, तीन अश्वशक्तीच्या मोटारीसाठी वायरिंग बदलावे लागले असते, आणि चार कामांपैकी तीन कामे दहा-दहा सेकंदांच्या ठोक्यांची होती. पत्र्याचे काम तेवढे लांबणार होते. त्यासाठी दुसरा मार्ग निघाला, तो पुढे सांगतो.

नागदेवीत

मुंबईत हत्यारे घ्यायची तर नागदेवी स्ट्रीट. मशीद बंदर स्टेशनवरून चालत गेलो तेव्हा भावोजींच्या खिशात इंटरनेटवरून छापून आणलेली तीन पाने होती, ती शेवटपर्यंत खिशातच राहिली. दुकानात तीन प्रकारचा माल दिसला: लांबीवरून ओळखले जाणारे १५० मि.मी., १९० मि.मी. आणि २५० मि.मी. चे साधे हॅमर, जे बहुतांशी एकाच घडणीचे आणि वेगवेगळ्या नावांनी विकले जाणारे होते. आणि वेगळ्या कपाटात इंगरसोल रँड, शिकागो न्यूमॅटिक यांसारख्या कंपन्यांची कारखान्यासाठी बनवलेली अवजारे, ज्यांची किंमत साध्यांच्या कितीतरी पट.

नळकांड्याची लांबी ही केवळ दिसण्याची गोष्ट नाही. या साध्या हॅमरच्या दट्ट्याचा व्यास साधारण १९ मि.मी. असतो, म्हणजे ६.२ बार दाबाला त्याच्यावर सुमारे १७५ न्यूटन जोर येतो. आखूड नळकांड्यात दट्ट्या सुमारे ४० मि.मी. धावतो, मधल्यात ६५ मि.मी. च्या पुढे. जोर तोच, धाव दीडपटीहून जास्त, त्यामुळे प्रत्येक ठोक्याची ताकदही तेवढीच वाढते. कागदावर सुमारे ७ ज्यूलच्या जागी ११ ते १२ ज्यूल, प्रत्यक्षात दोन्ही ठिकाणी त्याहून कमी. उलट आखूड हॅमर मिनिटाला साडेचार हजार ठोके देतो, मधला तीन हजारांच्या आसपास. पातळ पत्रा कापायला आखूड पुरतो, किंबहुना जास्त सुबक चालतो. अडकलेल्या पिनेला मात्र हलके पण पुष्कळ ठोके फारसा उपयोग देत नाहीत, तिला मोजके आणि जड ठोके लागतात. सर्वांत लांब हॅमर पिनेला उत्तम, परंतु गाडीखाली पाठीवर झोपून तो आडवा धरायला जागाच नव्हती. मधला, १९० मि.मी. चा ठरला.

महाग अवजारे घेण्याच्या विरुद्ध मी स्पष्ट मत दिले. त्यांच्यात कंपन कमी असते, खटका बोटाच्या दाबानुसार हळूहळू उघडतो, झडप वर्षानुवर्षे टिकते. रोज आठ तास वापरणाऱ्याने तीच घ्यावीत. वर्षात एकूण काही तास वापर असलेल्या माणसाने मात्र तो पैसा छिन्न्या आणि हवेच्या पाइपवर घालावा असे मला वाटत होते, आणि अजूनही वाटते. खटक्याची परीक्षा तेवढी साध्या हॅमरमध्येही करावी. दुकानदाराने पाच हॅमर काउंटरवर काढले आणि मागच्या कंप्रेसरला जोडू दिले. त्यातील दोघांचे खटके बंद आणि चालू अशा दोनच अवस्था जाणत होते, तिसऱ्याचा बोटाखाली हळू सुरू होत होता. तोच घेतला.

छिन्न्यांच्या दांड्यावर मात्र आमची चांगलीच अडचण झाली. साध्या हॅमरमध्ये षट्कोनी दांड्याचे आणि गोल दांड्याचे, असे दोन प्रकार येतात. षट्कोनी दांडा स्वतःभोवती फिरत नाही, त्यामुळे पत्रा कापताना छिन्नीची धार आखलेल्या रेषेवर राहते. गोल दांडा हातात फिरतो आणि दुसऱ्या हाताने वळवत ठेवावा लागतो, पण १०.२ मि.मी. च्या गोल दांड्याला जगभरातून हवे ते तोंड मिळते: बॉल जॉइंट वेगळा करणारा दुबेळका, बुश चिरणारी छिन्नी, दुहेरी धारेचा पत्राकाप, बोथट ठोकणी. भावोजींना षट्कोनी हवा होता कारण खोक्यात त्याच्या पाच छिन्न्या फुकट होत्या. त्या मी काउंटरवर कानशीने घासून पाहिल्या. कानस सहज चावत होती, म्हणजे धारेला पुरेसे पाणी दिलेले नव्हते. दुकानदार शांतपणे म्हणाला, "साहेब, खोक्यातली छिन्नी दाखवायची असते. कामाची वेगळी घ्या." असे प्रामाणिक दुकानदार नागदेवीत अजून आहेत. गोल दांड्याचा हॅमर आणि चार चांगल्या छिन्न्या घेतल्या, आणि त्या चार छिन्न्यांचे बिल हॅमरपेक्षा जास्त झाले.

पहिला शनिवार

पहिल्याच दिवशी निराशा झाली. शॅकलची पिन ढिम्म हलेना. हॅमर आवाज भरपूर करत होता, हातही थरथरत होते, पण ठोक्यात दम नव्हता. भावोजींनी तोंडाने काही म्हटले नाही, फक्त एकदा कपाटातील महाग अवजारांची आठवण काढली.

कंप्रेसरवरील रेग्युलेटर (बाहेर जाणाऱ्या हवेचा दाब ठरवणारी झडप) ६.२ बार दाखवत होता आणि तिथेच चूक होती. खटका सुटलेला असताना हवा वाहत नाही, म्हणून पाइपच्या दोन्ही टोकांना दाब सारखाच असतो. प्रश्न असतो तो हवा वाहत असताना हॅमरच्या मागच्या तोंडाशी किती उरतो याचा. एक टी जोड आणि छोटा गेज हॅमरच्या अगदी मागे बसवून खटका दाबला, तर काटा ४.१ बारवर येऊन थांबला. दोन बार वाटेत गेले होते. दाब ६.२ वरून सुमारे ४ वर आला की एका ठोक्याचा जोर त्याच प्रमाणात घटतो, शिवाय ठोक्यांची गतीही मंदावते, आणि एकूण काम जवळपास निम्म्यावर येते. म्हणजे आमच्या हातात अर्धाच हॅमर होता.

दोष पाइपचा होता. रंगकामाच्या वेळचा, स्प्रिंगसारखा गुंडाळलेला निळा पाइप बाहेरून ८ मि.मी. दिसत असला तरी आतून ५ मि.मी. चाच होता. तेवढीच हवा तेवढ्याच लांबीतून न्यायची असेल तर दाबाची घट आतल्या व्यासाच्या पाचव्या घाताच्या व्यस्त प्रमाणात असते. व्यास दुप्पट केला तर घट सुमारे बत्तिसाव्या हिश्श्यावर येते. रंगाच्या गनला हे कधी जाणवले नव्हते, कारण ती हवा थोडी घेते. पुढच्या शनिवारी आतून १० मि.मी. चा रबरी पाइप, मोठ्या भोकाचे क्विक कपलर आणि हॅमरच्या मागे हातभर लांबीचा लवचीक जोडपाइप बसवला. हा जोडपाइप चैन म्हणून लावत नाहीत. कपलर थेट हॅमरवर बसवला तर ठोक्यांच्या हादऱ्यांनी तो लवकर झिजून गळू लागतो. आता काटा खटका दाबल्यावर ५.८ बारच्या खाली गेला नाही. पिन तिसऱ्या झटक्यात सुटली आणि गॅरेजच्या मागच्या भिंतीवर जाऊन आदळली, हा भाग बहिणीला सांगितलेला नाही.

पत्र्यासाठी वेगळा मार्ग काढला तो असा. स्पॉट वेल्ड छिन्नीने फोडत बसले तर हवा अपुरी पडते आणि चांगला पत्राही फाटतो. म्हणून प्रत्येक वेल्ड आधी स्पॉट वेल्ड कापण्याच्या खास ड्रिलने वरच्या थरापुरता कापून घेतला आणि छिन्नी केवळ दोन थर अलग करायला वापरली. एका वेल्डला तीन-चार सेकंद. तेवढ्यात ड्रिल पुढच्या वेल्डवर जाईपर्यंत टाकी पुन्हा भरत होती.

पावसाळा

मुंबईतील हवेचा हिशोब देशावरच्या हवेसारखा नाही. ३० अंश तापमानाला दमट पावसाळी हवेच्या एका घनमीटरमध्ये पंचवीस-सव्वीस ग्रॅम पाणी वाफेच्या रूपात असते. तीच हवा ८ बारपर्यंत दाबली की तिचा आकार नवव्या हिश्श्यावर येतो, आणि थंड झाल्यावर एवढ्याशा जागेत साडेतीन ग्रॅमहून जास्त वाफ टिकू शकत नाही. उरलेले पाणी होऊन टाकीच्या तळाशी बसते. मिनिटाला १२० लिटर भरणारा कंप्रेसर एकूण तासभर चालला तर साधारण दीडशे मिलिलिटर पाणी निघते. भावोजींनी टाकीचा तळाचा नळ घेतल्यापासून उघडलेला नव्हता. उघडला तेव्हा तांबूस पाणी किती आले हे त्यांनी मोजले नाही, पण बादली आणावी लागली.

त्यामुळे रेग्युलेटरच्या आधी पाणी अडवणारा फिल्टर लावला आणि वापरापूर्वी हॅमरच्या मागच्या तोंडातून न्यूमॅटिक अवजारांच्या पातळ तेलाचे चार-पाच थेंब सोडण्याचा नियम केला. इंजिन ऑइल येथे चालत नाही; ते चिकट होते आणि दट्ट्याची गती मारते. नियम जुलैत मोडला. हॅमर तेल न घालता तीन आठवडे पडून राहिला आणि नंतर खटका दाबल्यावर नुसती हवा सुटू लागली, दट्ट्या जागचा हलेना. खोलला, रॉकेलमध्ये धुतला, नळकांड्यातील गंजाची पापुद्री बारीक कागदाने हलक्या हाताने काढली, तेल घालून जोडला. सुदैवाने तो पुन्हा चालू झाला. आता काम संपल्यावरही तेल घालून दोन सेकंद चालवून मगच ठेवला जातो.

हात आणि शेजार

भावोजींना मधुमेह आहे आणि बोटांना अधूनमधून मुंग्या येतात, म्हणून कंपनाचा विषय मी टाळू दिला नाही. २००२ च्या युरोपीय निर्देशात हाताला बसणाऱ्या कंपनासाठी आठ तासांच्या हिशोबाने २.५ मीटर प्रति सेकंद वर्ग ही खबरदारीची आणि ५ ही कमाल मर्यादा ठरवलेली आहे. साध्या हॅमरचे कंपन १५ धरले, जे मुळीच अतिशयोक्त नाही, तर पहिली मर्यादा दिवसाला सुमारे तेरा मिनिटांत आणि दुसरी त्रेपन्न मिनिटांत गाठली जाते. खोक्यावर यातले काहीच छापलेले नव्हते. आम्ही दिवसाला एकूण दहा मिनिटे खटका, जाड हातमोजे आणि हॅमर घट्ट न आवळता धरणे एवढे ठरवले. कंप्रेसरची मर्यादाही त्याच्या आसपासच होती, त्यामुळे ते पाळणे कठीण गेले नाही. डोळ्यांना चष्मा आणि कानात बोळे यांवर वाद झालाच नाही, कारण छिन्नी कामावर टेकवण्याआधी खटका दाबला की ती स्प्रिंगसकट उडू शकते हे मी करून नव्हे, एका मोडलेल्या स्प्रिंगच्या तुकड्यावरून दाखवले.

आवाजाचा प्रश्न मात्र हत्याराच्या निवडीने सुटणारा नव्हता. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ डेसिबलची मर्यादा आहे. पत्र्यावर चालणारा हॅमर जवळून शंभराच्या वर जातो आणि वरून छप्परही पत्र्याचे. भावोजींनी सोसायटीच्या सचिवांना आधीच भेटून शनिवारी अकरा ते एक ही वेळ ठरवून घेतली आणि गॅरेजच्या दाराला दोन जुन्या गाद्या टांगल्या. पहिल्या मजल्यावरच्या आजींची एकच अट होती: "दुपारच्या झोपेआधी काय ते ठोकून घ्या." काही आठवड्यांनी त्याच मजल्यावरच्या एका बिऱ्हाडाने न्हाणीघराच्या लाद्या काढायला हॅमर मागितला. भावोजींनी माझ्याकडून ऐकलेलेच सर्व त्यांना ऐकवले आणि भाड्याच्या दुकानाचा पत्ता दिला.

आज चारपैकी तीन कामे पूर्ण आहेत. मागचे दोन्ही पाटे नव्या बुशांसह बसले आहेत. बुश शेवटी बोल्टनेच खेचून निघाले, फक्त एका कड्याला छिन्नी लावावी लागली. उजवीकडचा तळाचा पत्रा सुटला आहे, डावीकडचा बाकी आहे. तिथे वेल्डची रांग लांब आहे आणि ड्रिलचे दात आधीच बोथट झाले आहेत, म्हणून दिवाळीनंतर हवा कोरडी झाली की नवीन ड्रिल आणून ती बाजू घ्यायची असे ठरले आहे.